एकमत की मतदान? कॉलेजच्या पेपरचा अग्रलेख ठरवायचा कसा

नवीन संपादक मंडळ बसलं की पहिल्या दोन-तीन अंकांतच हा प्रश्न येतो. अग्रलेखावर सगळ्यांचं एकमत झालं तरच छापायचं, की हात वर करून बहुमताने पुढे जायचं? मी दोन्ही केलंय. आमचं पाक्षिक होतं, मंडळात नऊ जण, पहिलं वर्ष एकमताने चाललं आणि दुसऱ्या वर्षी माझ्याकडे संपादकपद आलं तेव्हा आम्ही मतदानावर गेलो. संपादक म्हणेल ते फायनल हा तिसरा मार्ग आहेच, तो सगळ्यात फास्ट पण आहे, पण मग मंडळ कशाला बसवायचं, म्हणून तो बाजूला ठेवतो.

एकमताची बाजू आधी, कारण ती खरंच दमदार आहे. जे कधी तोंड उघडत नाहीत त्यांनाही विचारावंच लागतं. रीडिंग रूम रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवा असा अग्रलेख आम्ही जवळजवळ लिहून टाकला होता, सगळे हॉस्टेलवाले खूश, आणि शेवटी फर्स्ट इयरची एक मुलगी हळूच म्हणाली की तिच्या गावची शेवटची एसटी सातला सुटते, तर सकाळी लवकर का नाही उघडत. आमच्यापैकी कुणाच्याच हे डोक्यात आलं नव्हतं. मतदान घेतलं असतं तर आठ विरुद्ध एक होऊन विषय संपला असता.

आता ती गोष्ट सांगतो जिच्यामुळे माझं मन फिरलं. मेसचे दर वाढले होते. पहिल्या ड्राफ्टमध्ये वाक्य होतं, ‘विद्यार्थ्यांना न विचारता दर वाढवले, हे चूक आहे.’ एकाला ‘चूक’ शब्द जड वाटला म्हणून ‘योग्य वाटत नाही’ केलं. दुसरा म्हणाला कमिटीत दोन विद्यार्थी होते त्यामुळे ‘न विचारता’ म्हणता येणार नाही, ते काढलं. रात्रीचे साडेअकरा वाजले, दोघं जेवायचे राहिलेले, आणि छापून काय आलं तर ‘मेसच्या दरांबाबत सर्व संबंधितांनी विचार करावा.’ हे वाक्य वाचून कोण काय करणार? आणि त्रास एका अंकापुरता असता तर चाललं असतं, पण वर्षभर हेच झालं, ज्याचा विरोध सगळ्यात हट्टी त्याच्या हातात पेन, आणि त्याचा विरोध होता हे वाचकाला कधी कळतच नाही. मला हे फार लागलं, अजूनही लागतं.

मतदानाची रीत आम्ही हार्वर्डच्या क्रिमसनवरून घेतली. १८७३ पासूनचा विद्यार्थ्यांचा पेपर आहे तो. तिथे अग्रलेखाखाली स्पष्ट छापतात की हे मंडळाच्या बहुमताचं मत आहे, ज्यांना पटलं नाही ते आपलं वेगळं मत लिहून छापू शकतात, आणि ज्यांनी त्या चर्चेत बोलून मत दिलं ते तशाच विषयाच्या बातम्या करत नाहीत. पहिल्या दोन गोष्टी आम्ही जशाच्या तशा उचलल्या. तिसरी नऊ जणांत अवघड जाते हे मान्य करतो, तरी मेसवर मत दिलेल्याने मेसची बातमी करायची नाही एवढं आम्ही पाळलं.

खरा फरक पडला तो त्या वेगळ्या मताच्या चौकटीने. गॅदरिंगच्या खर्चावर सहा विरुद्ध तीन झालं. तिघांना त्याच पानावर, अग्रलेखाच्या लगेच खाली, दीडशे शब्द दिले, त्यांची कॉपी फक्त शुद्धलेखनासाठी तपासली. मीटिंग तासाभरात संपली, अग्रलेख धारदार राहिला, आणि कॅन्टीनमध्ये लोक अग्रलेखापेक्षा चौकटीवर जास्त भांडत होते. ते तिघं पुढच्या अंकाला तेवढ्याच उत्साहाने आले हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हरलेल्याला त्याच कागदावर जागा मिळाली नाही तर तो दुसरा कागद शोधतो, आपल्याकडे तर हे मोठ्या माणसांचंही झालंय. १८८१ ला केसरी निघाला तेव्हा आगरकर पहिले संपादक, टिळक आणि ते दोघंही पंचविशीतले, पण सामाजिक सुधारणेवरून पटेना, १८८७ ला आगरकर बाहेर पडले आणि १८८८ ला सुधारक निघाला. मराठीला त्यामुळे सुधारक मिळाला हे खरं, पण कॉलेजच्या पेपरला एक चांगला माणूस गमावणं परवडत नाही.

मतदानात कटकटी नाहीत असं नाही. दोन गट पडू शकतात, आणि पाच-चारने निघालेल्या अग्रलेखात जोर नसतो, म्हणून आम्ही नऊपैकी सहा मतं लागतीलच असं ठरवलं, सहा नाही झाली तर त्या अंकाला अग्रलेख नाही, दोन्ही बाजूंचे लेख नावानिशी. कुणी कसं मत दिलं याची नोंदही ठेवायची नाही, फक्त आकडा. अमेरिकेतल्या बर्कली युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांचा पेपर डेली कॅलिफोर्नियन, त्याचं उदाहरण बघा, १९७१ मध्ये पीपल्स पार्क या युनिव्हर्सिटीच्या वादातल्या जागेवरच्या अग्रलेखावरून प्रशासन तीन सीनियर संपादकांच्या मागे लागलं, आणि त्याच भांडणातून तो पेपर युनिव्हर्सिटीपासून स्वतंत्र झाला. आपल्या कॉलेजांत एवढं टोकाला जाईलच असं नाही, पण केबिनमध्ये बोलावणं येतं तेव्हा नावांची यादी कुणाकडे नसलेली बरी.

तुमचं मंडळ चार-पाच जणांचं असेल आणि तुम्ही शाळेपासूनचे दोस्त असाल तर एकमत कदाचित मस्त चालेल, मी अडवणार नाही. आठ-नऊच्या वर असाल तर माझ्या मते मतदान घ्या, पण मत टाकायच्या आधी एक फेरी अशी करा की प्रत्येकाने एक वाक्य बोलायचंच, आणि सुरुवात सगळ्यात ज्युनियरपासून. आमच्या दुसऱ्या वर्षी ती एसटीवाली मुलगीच पहिली बोलायची.