पाच नंबरची फ्लाय रॉड: तीर्थनची ट्राउट आणि चोडणचा चोणक

एप्रिलअखेरीस हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट धरायला जायचं ठरलं, तेव्हा ही फ्लाय रॉड घेतली, म्हणजे पिसा-धाग्याची नकली कीटकं (फ्लाय) जाड लाईनच्या वजनावर फेकायची काठी. नऊ फूट, पाच नंबरची (नंबर लाईनच्या वजनाचा; तो जितका मोठा तितकी रॉड ताकदीची), चार तुकड्यांची. परत आल्यापासून आठ महिने ती घरी, गोव्यात मांडवीतल्या चोडण बेटाच्या बांधावर वापरतोय.

तीर्थनवर तक्रारीला जागाच नव्हती. दुपारी वरचं बर्फ वितळून पाणी वाढतं, गढुळतं. म्हणून उजाडताच उतरायचं. गुडघाभर पाण्यात पाय बधिर झालेले, मोठ्या धोंड्यामागच्या संथ पट्ट्यात फेझंट टेल निंफ (पाण्याखालच्या अळीसारखी फ्लाय) सोडलेली. वाहती लाईन क्षणभर थबकली, एवढंच. रॉड उचलली तर मुठीपर्यंत वाकली. फूटभर लांबीची ब्राउन ट्राउट! 5एक्सचा केसासारखा टिपेट (फ्लायला बांधलेला शेवटचा बारीक धागा) तुटला नाही, तो रॉडच्या या मऊपणामुळेच. ओल्या हातानं गळ सोडवून परत पाण्यात सोडली.

खरी परीक्षा घरी झाली. मे महिन्यात अकराच्या उन्हात लाईन लुळी पडून रॉडच्या कड्यांना चिकटायला लागली, फेक निम्म्यावर आली. आठवडाभर मी हाताला दोष देत होतो. थंड पाण्याच्या लाईनचं वेष्टण उष्म्यात मऊ पडतं, हे नंतर कळलं. उष्ण पाण्यासाठीची, कडक गाभ्याची लाईन चढवली आणि रॉड पहिल्यासारखी चालू लागली. गोव्यात घेणाऱ्यांनी या लाईनचे पैसे आधीच धरावेत.

रीलची गोष्ट वेगळी. खाऱ्या पाण्याला ती बनलेलीच नाही. दरवेळी गोड्या पाण्यानं धुतो, पण जुलैत एकदा राहून गेलं आणि आठवड्यात स्प्रिंगवर गंज चढला. बंदिस्त ड्रॅगची (रीलचा ब्रेक आत झाकलेला असलेली) घ्या.

आता चोणक, म्हणजे जिताडा. सुकती (ओहोटी) लागली की मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) खाजनाचं, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीचं पाणी नदीत सुटतं, त्याबरोबर सुंगटं (कोळंबी), बारकी मासळी येते आणि चोणक तोंडाशीच टपलेला असतो. (मानशीत मासळी धरायच्या हक्काचा लिलाव झालेला असतो, तेव्हा तिथल्या काकांना विचारूनच बाजूला उभा राहतो.) रॉड हातात तोलून काका म्हणाले, "अरे, चोणकाक ही बडी पावची ना." (चोणकाला ही काठी पुरायची नाही.) बरोबर होतं त्यांचं. किलोच्या आतला चोणक ही आरामात आवरते. त्याहून मोठा कांदळाच्या मुळांकडे धावला की त्याला वळवायची ताकद हिच्यात नाही, आणि त्याच्या कल्ल्याच्या धारेनं बारीक टिपेट कापला जातो. मी शेवटचा हातभर धागा 30 पौंडी लावतो. जड डोळ्यांची क्लाउझर फ्लाय फेकताना रॉड धापा टाकते. हलक्या, बिनवजनाच्या फ्लाय वापरा. चोणकासाठीच घ्यायची तर सरळ आठ नंबर घ्या.

एक कळकळीनं सांगतो: तीर्थनसारखं पाण्यात उतरायची सवय इथे नको. पलीकडे कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. बांधावरूनच गरवा. मागे कांदळ असेल तर रोल कास्ट (लाईन मागे न उडवता पुढेच उलगडत टाकायची फेक) करा. ती या रॉडवर फार सुरेख बसते.

हिमाचलात ट्राउट 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद. मार्चमध्ये हीच रॉड परत नेणार आहे. थंड पाण्याची लाईन धुऊन, वेगळ्या स्पूलवर गुंडाळून कपाटात ठेवली आहे.