वाफ्यावरचे गणित : मुलुंडमधील शनिवारच्या वर्गाविषयी

मुलुंड पूर्वेला एका गृहसंकुलाच्या मागील मोकळ्या जागेत दर शनिवारी सकाळी भरणाऱ्या या वर्गात चौथी ते सातवीची मुले वाफे आखतात, भाजी लावतात, खुरपणी करतात, ओला कचरा मुरवतात आणि त्या कामांतूनच शाळेचे विषय शिकतात, अशी संचालकांची मांडणी आहे. माझी मुलगी पाचवीत असून पावसाळ्याच्या सुरुवातीपासून येथे जाते. गणितापुरता हा दावा पूर्णपणे खरा आहे.

येथे प्रत्येक गटाला 12 मीटर सुतळी देऊन तेवढ्यात जास्तीत जास्त मेथी मावेल असा वाफा आखायला सांगतात. एका गटाने 5 मीटर लांब व 1 मीटर रुंद वाफा आखला, तर दुसऱ्याने 3 मीटरचा चौरस. परिमिती तीच असूनही पहिल्याचे क्षेत्रफळ 5 चौरस मीटर आणि दुसऱ्याचे 9 भरले, हे पाहून चौरसवाली मुले हरखून गेली. तेव्हा ताईंनी एवढेच विचारले, “आत पाय न देता मधले तण कसे काढाल?” मुलांनी आपापले हात मोजले. दोन्ही बाजूंनी 60 सेंटिमीटर हात पोचतो, म्हणून रुंदी 1.2 मीटर, आणि उरलेल्या सुतळीत लांबी 4.8 मीटर, हे त्यांनी स्वतः काढले. दशांश अपूर्णांकांची गरज कामानेच निर्माण केली, हे मला फार मोलाचे वाटते.

पावसाचे पाणी साठवतानाही तेच घडते. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी; त्यामुळे 20 चौरस मीटरच्या पत्र्यावर 30 मिलिमीटर पाऊस पडला, तर 200 लिटरचे किती पिंप लागतील, हे मुले चटकन सांगतात.

विज्ञान मात्र कच्चे राहते. कंपोस्टसाठी लहान क्रेट वापरले जातात आणि एवढ्याशा ढिगात उष्णता टिकत नाही, तरीही ‘सूक्ष्मजीवांमुळे ढीग तापतो’ हे वाक्य फळ्यावरून वहीत उतरवून घेतले जाते. साधारण घनमीटरभर ढीग रचून त्यात तापमापी खोवली, तर पारा 50 अंशांपलीकडे चढताना मुलांना प्रत्यक्ष दिसेल. संकुलातील पालापाचोळा त्यासाठी पुरेसा आहे.

1937 च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामाला शिक्षणाचे माध्यम मानले आणि पुढे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. असा वारसा लाभलेल्या महाराष्ट्रात फळ्यावरची वाक्ये उतरवून घेण्यासाठी मुलांना अंगणात नेण्याचे कारण नाही.

पाचवी ते सातवीच्या पालकांना मी हा वर्ग आग्रहाने सुचवेन. चौथीच्या मुलांना मात्र दशांशाचा हिशेब जड जातो आणि त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळ झारीने पाणी घालणेच येते. त्यांचा वेगळा गट करून त्यांना बिया मोजणे व भाजीचे वजन करणे ही कामे द्यावीत, अशी संचालकांना विनंती आहे.