मस्टँग की कॅमेरो: घरच्या गॅरेजमध्ये कोणती उघडावी?

दोन गाड्यांचं गॅरेज, त्यातली निम्मी जागा रोजच्या गाडीला, हाताशी फक्त शनिवार-रविवार, आणि मनात साठच्या दशकातली, स्वतः खोलून पुन्हा नवी करायची व्ही-८ (आठ सिलिंडर इंजिनाची) गाडी. अमेरिकेत राहून हा घाट घालणाऱ्याची यादी लवकरच दोन नावांवर येऊन थांबते: १९६५-६६ ची फोर्ड मस्टँग किंवा १९६७ ते ६९ ची शेवर्ले कॅमेरो. काटेकोर मंडळी दोघींनाही मसल कार (मोठ्या इंजिनाची दणकट गाडी) न म्हणता पोनी कार (लहान, स्पोर्टी गाडी) म्हणतात. नाव काहीही असो, काम तेच आहे. दोन्हींचे सुटे भाग नवे मिळतात, अगदी फेंडरपासून दाराच्या रबरापर्यंत, आणि दोन्हींचं इंजिन घरी खोलता-जोडता येतं. म्हणून अश्वशक्ती वगैरे बाजूला ठेवून फक्त एवढंच पाहू, की गाडी उचलायची लिफ्ट नसलेल्या जागी कोणती गाडी पूर्ण होते.

मस्टँगच्या बाजूने बोलायचं तर पुष्कळ आहे. तशीच अवस्था असलेली कॅमेरो सहसा महाग पडते. फोर्डच्या छोट्या व्ही-८ मध्ये डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगांना वीज वाटणारा भाग) पुढे, हाताखाली असतो. शेवर्लेत तो मागे फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला) चिकटलेला, त्यामुळे ठिणगीचं टायमिंग लावताना फेंडरवर आडवं पडावं लागतं. शिवाय मस्टँगचा चेसिस नंबर खरं बोलतो. त्यातलं पाचवं अक्षर इंजिन सांगतं: सी म्हणजे दोन बॅरलच्या कार्बोरेटरचं २८९ घनइंची इंजिन, ए म्हणजे चार बॅरलचं, के म्हणजे २७१ अश्वशक्तीचं, टी म्हणजे सहा सिलिंडर. कॅमेरोच्या नंबरावरून इंजिनाबद्दल सहा सिलिंडर की व्ही-८ एवढंच कळतं. गाडी मुळात एसएस (जोरदार, महागडी आवृत्ती) होती की कुणी मागाहून बिल्ले लावले, हे तो नंबर सांगत नाही. त्यामुळे एसएस किंवा झेड-२८ (अशीच दुसरी खास आवृत्ती) चे जादा पैसे कागदपत्रांशिवाय देऊ नयेत.

आता ज्या गोष्टीने माझ्यापुरता निकाल लागला ती सांगतो.

मस्टँगच्या पुढच्या काचेखाली वायपरपाशी जाळी असते. तिच्यातून केबिनमध्ये हवा येते आणि पावसाचं पाणीही पडतं. खाली दोन पत्रे एकमेकांना स्पॉट वेल्डने (ठिपक्याठिपक्यांच्या वेल्डने) जोडून केलेली बंद पेटी आहे, तिला काउल म्हणतात. पाण्याने तळाच्या पत्र्यावरून दोन्ही टोकांना वाहत जाऊन फेंडरच्या आतून खाली पडावं, अशी रचना आहे. हवेसाठी तळाला दोन मोठी भोकं आहेत, एक हीटरला जाणारं आणि दुसरं ड्रायव्हरच्या पायांकडे. पाणी त्यांत शिरू नये म्हणून भोकांभोवती उभ्या कडा आहेत, टोपीसारख्या. मेपलची पानं आणि पाइनच्या सुया जाळीतून आत जातात, कडांच्या मुळाशी कुजतात, महिनोन्‌महिने ओल धरतात. गंज नेमका तिथे लागतो. मग पाणी कडेच्या बुडातून थेट गालिच्याखाली ठिबकू लागतं.

म्हणूनच मस्टँगचा सडलेला फ्लोअर हा बऱ्याचदा परिणाम असतो, मूळ रोग वर असतो. काउल न बघता नवा फ्लोअर टाकला तर तोही त्याच वाटेने जातो, आणि फ्लोअरचा पत्रा कापून, बसवून, वेल्ड करून झालेले सगळे आठवडे वाया जातात.

बरं, काउल दुरुस्त करायचा तर बाहेरून हात पोचत नाही. बॉनेट, त्याच्या बिजागऱ्या, दोन्ही फेंडर, वायपर, पुढची काच, डॅशबोर्डवरची गादी, हीटरची पेटी, सगळं काढायचं. मग वरच्या पत्र्याचा एकेक स्पॉट वेल्ड शोधायचा. रंग आणि सीम सीलर (जोडावर भरलेला लेप) घासल्याशिवाय ते दिसतच नाहीत. ८ मिमीच्या स्पॉट वेल्ड कटरने फक्त वरचा थर कापायचा, खालचा शाबूत ठेवायचा. असे वेल्ड शंभराच्या घरात असतात, आणि दर दहाबारांनंतर कटर बोथट होऊन घसरू लागतो. घाईने छिन्नी मारली की पत्रा वाकतो, आणि पुढे तीच वाकलेली कड काचेच्या बैठकीत अडते. नवा तळ किंवा नव्या कडा बसवून, जोडाच्या जागी वेल्ड-थ्रू झिंक प्रायमर मारून, त्याच भोकांतून प्लग वेल्ड करत (भोक वेल्डने भरत) परत यायचं. पत्रा साधारण ०.९ मिमीचा असतो, मिग वेल्डिंगला ०.६ मिमीची तार, ७५ टक्के आर्गॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि एका जागी सलग न थांबता टाके घालत जाणं, हे सूत्र ठीक चालतं.

वरून प्लास्टिकच्या टोप्या किंवा इपॉक्सी लावून भागवणारेही आहेत. कोरड्या प्रदेशात, फक्त उन्हात फिरणाऱ्या गाडीला ते कदाचित पुरेल. मिशिगन-ओहायोकडच्या, रस्त्यावरच्या मिठाचे हिवाळे पाहिलेल्या गाडीला मी तो उपाय सुचवणार नाही.

कॅमेरोचा काउल गंजतच नाही असं मुळीच नाही. तोही कडेला गंजतो. तिच्या पुढच्या-मागच्या काचांच्या चौकटीही कुजतात, विशेषतः छताला व्हिनाइल असेल तर. मागच्या काचेतून झिरपलेलं पाणी डिकीच्या कोपऱ्यांत साचतं, आणि मागच्या चाकांमागचा खालचा पत्रा बहुधा पुटीने भरलेला सापडतो. पातळ फडक्यात गुंडाळलेलं चुंबक फिरवलं की पुटी कुठे आहे ते कळतं. फरक इतकाच, की यातलं बरंचसं बाहेरून दिसतं आणि बाहेरून कापता येतं.

कॅमेरोचा खरा फायदा तिच्या पुढच्या अर्ध्यात आहे. मस्टँगचे पुढचे रेल (लांब आधारपट्ट्या) आणि शॉक टॉवर (सस्पेन्शन धरणारे उभे खांब) बॉडीलाच वेल्ड केलेले. इंजिन त्या दोन टॉवरांच्या मधे दाटीवाटीने बसतं, एक्झॉस्टच्या बाजूचे स्पार्क प्लग काढताना बोटं सोलतात. कॅमेरोचा पुढचा भाग म्हणजे वेगळी सबफ्रेम, सुटा सांगाडाच. ती बॉडीला चार मोठ्या बोल्टांनी धरलेली असते, आणि आणखी दोन बोल्ट रेडिएटरच्या चौकटीपाशी असतात. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, सस्पेन्शन असं सगळं एकत्र, स्वतःच्या चाकांवर बाहेर ढकलता येतं. गॅरेजवाल्या माणसाला याहून मोठी सोय मला तरी माहीत नाही.

त्यासाठी गाडी नाक दाराकडे करून उभी करावी. आधी बॉनेट, फेंडर, रेडिएटरची चौकट. मग प्रॉपेलर शाफ्ट, स्टिअरिंगचा रबरी जोड, ब्रेक आणि इंधनाच्या नळ्या, हँडब्रेकची तार, क्लच किंवा गिअरचे दांडे, फायरवॉलवरचा वायरिंगचा जोड. बॉडीचं वजन दारांखालच्या मजबूत कडांवर, लाकडाचे ठोकळे ठेवून, स्टँडवर घ्यावं. जॅकवर कधीही ठेवू नये.

फसगत होते ती मागच्या दोन बोल्टांशी. त्यांचे नट फ्लोअरच्या आत, पत्र्याच्या पिंजऱ्यात असतात. गंजलेल्या बोल्टाला इम्पॅक्ट गन लावली की पिंजरा फुटतो आणि नट बोल्टाबरोबर गरगर फिरतो. चार-पाच दिवस रोज पेनिट्रेटिंग तेल मारा, मग लांब दांड्याने थोडं सोडवा, थोडं आवळा, पुन्हा सोडवा. तरी फिरलाच, तर गालिचा उचलून वरून फ्लोअरला छोटी खिडकी कापा, नट पाना घालून धरा, काम झाल्यावर तोच तुकडा वेल्ड करा. दुपारभराचं काम आहे, आणि मस्टँगच्या काउलशी त्याची तुलनाच नको.

परत बसवताना चारही बोल्ट सैल ठेवून, सबफ्रेम आणि बॉडी यांच्या जुळणीसाठी दिलेल्या भोकांतून दोन्ही बाजूंना पाच अष्टमांश इंचाचा सरळ गज घाला. दोन्ही गज सहज आत-बाहेर झाले की मगच आवळा. हे टाळलं तर पुढची चाकं मागच्यांच्या रेषेत येत नाहीत, आणि फेंडर-दाराच्या फटी काही केल्या जुळत नाहीत. बुश (सबफ्रेम आणि बॉडी यांच्यामधल्या गाद्या) रबराचे घ्या किंवा अ‍ॅल्युमिनियमचे, पण सगळे एकाच जातीचे हवेत, कारण उंची वेगळी असू शकते.

बजेट कमी असेल तर सहा सिलिंडरची गाडी घेऊन व्ही-८ घालण्याचा मोह होतो. इथेही पारडं कॅमेरोकडे झुकतं. सहा सिलिंडरच्या मस्टँगला चाकाला चार बोल्ट, व्ही-८ ला पाच, म्हणजे पुढचे स्पिंडल, ब्रेक, स्टिअरिंगचे दांडे, मागचा अ‍ॅक्सल, सगळं बदलायचं. कॅमेरोला सगळीकडे पाचच बोल्ट. ब्रेकचंही तसंच: १९६६ पर्यंतच्या मस्टँगला एकच सर्किट, एक नळी फुटली की पेडल जमिनीला. तिथे दुहेरी मास्टर सिलिंडर (दोन स्वतंत्र सर्किटांचा ब्रेकचा पंप) हे पहिलं काम समजा. कॅमेरोला तो पहिल्या वर्षापासून आहे.

तरीही मस्टँगवरच जीव जडला असेल तर जरूर घ्या, ती सुंदर गाडी आहे. फक्त बघायला जाताना पाच लिटर पाणी आणि टॉर्च न्या. मालकाची परवानगी घेऊन जाळीच्या एका बाजूला सावकाश पाणी ओता, दुसऱ्या माणसाने डॅशबोर्डखाली बघावं, मग दुसरी बाजू. पाणी दारांच्या पुढून जमिनीवर पडलं तर किमतीचं बोला. आत एक थेंब दिसला, तर काउलचं पूर्ण काम धरूनच भाव करा. आणि मालक पाणी ओतू देत नसेल, तर ती गाडी तिथेच राहू द्या.