‘12 व्होल्टवर 86 पाऊंड’: मुकणे धरणावरच्या तिघांना विकलेली ट्रोलिंग मोटर

नाशिक जिल्ह्यातल्या मुकणे धरणात जाळी टाकणाऱ्या तिघांनी वर्गणी काढून होडीसाठी इलेक्ट्रिक मोटर घेतली, जिला बाजारात ट्रोलिंग मोटर म्हणतात. होडी फायबरची, 16 फुटी. पेट्रोल इंजिन परवडत नव्हतं आणि वैशाखातल्या वाऱ्यात वल्ही मारणं जिवावर येत होतं. विक्रेत्याने मोबाइलवर पाठवलेलं वर्णन असं होतं: 86 पाऊंड थ्रस्ट (होडी ढकलणारा जोर), 3 एचपी, 12 व्होल्ट, एका 150 एएच (अँपिअर-तास) बॅटरीवर 5 तास, वर्षाची वॉरंटी. मोटर, बॅटरी आणि केबल मिळून 46 हजार रुपये ठरले. निम्मे यूपीआयने आगाऊ, निम्मे माल हातात आल्यावर. पावती म्हणून वहीच्या पानावर आकडा आणि सही.

मोटर चालू होती, म्हणून शंका आली नाही. बंद पडलेला माल लगेच परत येतो. कमी ताकदीचा माल सकाळी सात वाजता, वारा पडलेला असताना, एक माणूस बसलेली रिकामी होडी मजेत ओढतो. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला, होडीत तीन माणसं आणि ओली जाळी आली, तेव्हा होडी जागच्या जागी आडवी फिरायला लागली. तोवर उरलेले पैसेही गेले होते.

खरं तर ही फसवणूक त्या वर्णनातच पकडता आली असती. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. एक एचपी म्हणजे 746 वॅट, म्हणजे 3 एचपी जवळपास 2240 वॅट झाले. 12 व्होल्टवर त्यासाठी 185 अँपिअरच्या वर करंट लागेल. मोटरच्या प्लेटवर लिहिलं होतं 46 अँपिअर. 12 गुणिले 46 म्हणजे 552 वॅट, पाऊण एचपीसुद्धा नाही, आणि तेही मोटरमध्ये शिरणारी वीज. पंख्यातून (प्रोपेलरमधून) पाण्यात उतरणारी ताकद त्याहून बरीच कमी.

थ्रस्टचंही तसंच. मिन कोटासारख्या जुन्या कंपनीची 12 व्होल्टची 55 पाऊंडची मोटर फुल स्पीडला 50 अँपिअर घेते, म्हणजे एका पाऊंडाला साधारण 11 वॅट. 24 व्होल्टची 80 पाऊंडची मोटर 56 अँपिअर घेते, म्हणजे पाऊंडाला जवळपास 17 वॅट. पंख्याचा आकार तेवढाच ठेवून जोर वाढवत गेलं की दर पाऊंडाचा खर्च वाढतो, कमी होत नाही. आता 552 ला 86 ने भागा. पाऊंडाला साडेसहा वॅटसुद्धा पडत नाहीत. 11 इंची पंखा आणि शून्य नुकसान होणारी कल्पनेतली मोटर धरली तरी 552 वॅटमधून 75 पाऊंडांच्या आसपासच जोर निघतो. बाजारात 12 व्होल्टच्या बहुतेक मोटरी 55 पाऊंडांपाशी का थांबतात आणि पुढे 24 व 36 व्होल्ट का लागतात, याचं कारण इथेच आहे. त्यामुळे 12 व्होल्टवर 80-90 पाऊंड लिहिलेलं दिसलं की आधी अँपिअर विचारा. विक्रेता अँपिअर सांगत नसेल तर बोलणं तिथेच थांबवायला हरकत नाही.

थ्रस्ट मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. होडीच्या मागच्या बाजूला दोर बांधा, मध्ये 50 किलोचा लटकता डिजिटल काटा अडकवा, दोराचं दुसरं टोक काठावरच्या झाडाला किंवा खुंट्याला. दोर 8-10 मीटर हवा आणि पाणी कमरेपेक्षा खोल. नाहीतर पंख्याने मागे फेकलेलं पाणी काठावर आपटून परत येतं आणि आकडा चुकतो. बॅटरी पूर्ण चार्ज. मोटर हळूहळू फुल स्पीडला न्या, दोर ताणल्यावर 30 सेकंद थांबा आणि मग स्थिर आकडा वाचा. 1 पाऊंड म्हणजे 0.454 किलो, म्हणून 55 पाऊंडांच्या मोटरने 25 किलोच्या जवळपास जायला हवं. 86 पाऊंड म्हणजे 39 किलो.

या तिघांच्या मोटरीचा काटा 17 किलोवर स्थिर झाला. म्हणजे साडेसदतीस पाऊंड. प्लेटवरचा स्टिकर नखाने उचलला तर खाली मूळ छापील आकडा 40 होता.

काट्याच्या चाचणीतही हातचलाखी चालते. डिजिटल काट्याला ‘होल्ड’ असतो. ढिला दोर झटक्याने ताणला की क्षणभराचा मोठा आकडा त्यात अडकून बसतो आणि तोच दाखवला जातो. काही जण काटा पाऊंडवर ठेवतात आणि तोंडाने किलो म्हणतात. ड्रममधला किंवा टाकीतला डेमो तर मोजूच नका. ड्रमात पाणी उसळतं, डोळ्यांना ताकद दिसते, सिद्ध काहीच होत नाही.

त्याच वेळी करंटही मोजून घ्या. टाँग टेस्टर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा मीटर) डीसी अँपिअर दाखवणारा हवा. घरगुती वायरमनकडचे बरेच स्वस्त टेस्टर फक्त एसी करंट दाखवतात, डीसी वायरवर ते शून्य दाखवणार. ई-रिक्षा दुरुस्त करणाऱ्यांकडे डीसीचा असतो; नाशिकमध्ये असा माणूस शोधायला फार फिरावं लागत नाही.

मोठ्या धरणासाठी किती थ्रस्ट, हा हिशेब विक्रेत्यावर सोडू नका. ढोबळ नियम असा की होडी, माणसं, जाळी, बर्फ, बॅटरी असं एकूण वजन घ्यायचं आणि त्याच्या किमान 2 टक्के जोर धरायचा. होडी 250 किलो, तीन माणसं 210, जाळी, क्रेट आणि बर्फ 80, दोन बॅटऱ्या 110, म्हणजे 650 किलो. 2 टक्के म्हणजे 13 किलो, 29 पाऊंड. हा आकडा पाहून विक्रेता म्हणेल, ‘बघा, 40 पण जास्तच झाले!’ पण हा नियम शांत पाण्याचा आहे. ताशी 25 किलोमीटरचा वारा समोरून आला तर होडी आणि बसलेल्या माणसांवर साधारण 6 किलोचा जोर पडतो. होडी आडवी सापडली तर 15 किलोपर्यंत. वाऱ्याचा वेग दीडपट झाला की जोर सव्वादोनपट होतो. गंगापूर, मुकणे, दारणा, वैतरणा यांच्या उघड्या पाण्यात दुपारी असा वारा नवलाचा नाही. 13 आणि 15 मिळून 28 किलो, म्हणजे 60 पाऊंडांच्या वर. इतक्या वजनाच्या होडीला 24 व्होल्टची 70-80 पाऊंडांची मोटर घ्यावी. छोट्या बंधाऱ्यावर गळ टाकायला दोघे जण 12 फुटी होडीतून जाणार असतील तर 12 व्होल्टची 40-45 पाऊंडची खुशाल घ्या. थ्रस्ट वाढला म्हणून वेगही त्याच प्रमाणात वाढत नाही. भरलेली होडी घेऊन ताशी 5-6 किलोमीटरच्या पुढे या मोटरी सहसा जात नाहीत. ‘10 ची स्पीड’ सांगणारा मोटर विकत नाही, स्वप्न विकतो.

24 व्होल्टच्या मोटरीतही दोन थापा ठरलेल्या. पहिली, ‘ही 12 वरही चालते.’ फिरते, पण ताकद चौथाईच्या आसपास येते. दुसरी, ‘150 च्या दोन बॅटऱ्या म्हणजे 300 एएच.’ सिरीजमध्ये जोडल्यावर व्होल्ट दुप्पट होतात, एएच 150 च राहतात. दोन्ही बॅटऱ्या एकाच मेकच्या, एकाच वयाच्या हव्यात. दिव्यासाठी त्यातल्या एकीवरूनच 12 व्होल्ट काढले तर ती आधी उतरते आणि जोडीतली दुसरीही बिघडवते.

‘150 एएच म्हणजे 5 तास’ हे गणित आलं कुठून? 150 भागिले 30. पण मोटर 46 अँपिअर घेते. शिवाय बॅटरीवरचा 150 हा सी-20 आकडा, म्हणजे साडेसात अँपिअरने 20 तास. 50 अँपिअर ओढले तर तीच लेड-अ‍ॅसिड बॅटरी 95-100 एएचच देते. म्हणजे फुल स्पीडला जेमतेम दोन तास, तेही पार रिकामी करून. बॅटरी टिकवायची तर निम्म्यावर थांबावं लागतं, म्हणजे तासभर. इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी सावकाश उतरण्यासाठी बनवलेली असते, होडीत कलंडली तर अ‍ॅसिड सांडतं, आणि वजन 50 किलोच्या पुढे. ट्रक-कारची स्टार्टर बॅटरी तर याहून वाईट. पातळ प्लेटा, वारंवार खोल उतरवली की काही महिन्यांत बसते. थोडा वेळ न वापरता ठेवलेल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. 11.8 दिसले तर वल्ही हातात घ्या.

लिथियममध्ये (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकार घ्या) वजन कमी, पण फसवणूक जास्त. 12.8 व्होल्ट 100 एएचच्या पॅकमध्ये 3.2 व्होल्टचे चार सेल असतात, प्रत्येकी सुमारे 2 किलोचे. डबा आणि बीएमएस (सेल सांभाळणारं, करंट जास्त झाला की पॅक बंद करणारं सर्किट) धरून पॅक 10 ते 12 किलो भरतो. ‘100 एएच’चा पॅक 6 किलोचा असेल तर आत 100 एएच नाहीत. जुन्या ई-स्कूटरचे एनएमसी (दुसऱ्या प्रकारच्या लिथियमचे, जास्त व्होल्टचे) सेल नव्या डब्यात घालूनही विकले जातात. चार सेल सिरीजमध्ये असतील तर पूर्ण चार्जला 16.8 व्होल्ट होतात आणि 12 व्होल्टच्या मोटरीचं कंट्रोलर कार्ड जळू शकतं. एलएफपीचा पूर्ण चार्ज 14.6 च्या वर जात नाही, हे मीटरने लगेच कळतं. बीएमएस 50 अँपिअरचा असेल आणि मोटरही 50 ची, तर पंख्याला पाणवेल अडकताच पॅक मधेच बंद पडणार. 100 अँपिअरचा मागा. क्षमता तपासायला मोटारसायकलवाल्याकडचे 12 व्होल्ट 60 वॅटचे चार हेडलाइट बल्ब पॅरेललमध्ये लावा. मिळून 20 अँपिअरच्या आसपास घेतात. खरा 100 एएचचा पॅक पाच तासांच्या जवळपास जातो, बनावट तीन तासांत मान टाकतो.

केबलमध्ये पैसे खाल्ले जातात ते कोणी बघत नाही. या तिघांना 4 स्क्वेअर एमएमची घरगुती वायर दिली होती, बॅटरीपासून मोटरपर्यंत 3 मीटर. जाऊन-येऊन 6 मीटर, 50 अँपिअरला सव्वा व्होल्टाहून जास्त तिथेच गळतो, वायर गरम होते ते वेगळं. 16 स्क्वेअर एमएमची घेतली तर गळती 0.3 व्होल्टवर येते. वायर तांब्याची की तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची, हे एक तार ब्लेडने खरवडून पाहा; आत पांढरं दिसलं तर परत द्या. बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात 60 अँपिअरचा फ्यूज किंवा ब्रेकर हवाच. तो न देण्यामागे हिशेब असतो: पंख्यात जाळं अडकलं की करंट चढतो, ब्रेकर नसल्याने वाइंडिंग जळतं आणि वॉरंटी मागायला गेलं की ‘तुम्हीच जाळ्यात अडकवली’ हे उत्तर तयार.

शाफ्टची, म्हणजे मोटर पाण्यात धरणाऱ्या उभ्या नळीची, लांबी तशीच. त्यांना 30 इंची शाफ्ट दिला, मागची फळी 18 इंचांची. होडी रिकामी असताना फळीच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंत मोजा. पंख्याचं वरचं टोक पाण्याखाली किमान 9 ते 12 इंच राहिलं पाहिजे. मोठ्या धरणात लाटेवर मागचा भाग उचलला की पंखा हवा पितो, मोटर किंचाळते, होडी हलत नाही. त्यांच्या होडीला 36 इंची हवा होता. मोटर पुढच्या टोकाला बसवणार असाल तर बैठकीपासून पाण्यापर्यंतच्या उंचीत 20-22 इंच मिळवा, लाटांसाठी आणखी 5.

वापरलेली मोटर नवी म्हणून आली आहे का, ते पाहायला पंखा काढा: नट, वॉशर, मग आडवी पिन. पंख्यामागे नायलॉनची तार गुंडाळलेली असेल तर सील कापलं गेलं असण्याची शक्यता मोठी, आणि तिथूनच पाणी आत जातं. स्क्रूच्या डोक्यावर ताजा रंग दिसला तर मोटर उघडलेली आहे. पंख्याचा दांडा हाताने फिरवताना खरखर नको. मल्टिमीटर लावून वायर आणि मोटरची धातूची बॉडी यांच्यात बीप आली तर मोटर घेऊ नका.

आणखी एक थाप: ‘इलेक्ट्रिक आहे, परवानगी लागत नाही.’ मोटर कुठलीही असो, धरण जलसंपदा विभागाचं आणि मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाचा विषय राहतो. नांदूरमध्यमेश्वर तर अभयारण्य आहे.

पैसे ऑनलाइन गेले आणि माल आलाच नाही, किंवा विक्रेत्याने फोन बंद केला, तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते. माल आला पण खोटा निघाला, तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीची मुदत 2 वर्षे, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. विक्रेते इथे एक मुद्दा हमखास काढतात: ‘मोटर धंद्यासाठी घेतली, तुम्ही ग्राहकच नाही.’ 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरलेली नाही. स्वतः जाळं टाकणारा ग्राहक ठरतो. पर्यटकांच्या बोटी चालवणाऱ्या कंपनीचं तसं नाही. वर्णनाचे मेसेज पुसू नका, यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपा, काटा आणि टाँग टेस्टर एकाच चौकटीत दिसतील असा न थांबवता काढलेला व्हिडिओ ठेवा, आणि स्टिकर काढण्याआधी आणि काढल्यानंतर प्लेटचे फोटो घ्या. वहीच्या पानावर जीएसटी क्रमांक नसला तरी ते पान फेकू नका. त्यावर विक्रेत्याचं अक्षर आणि रक्कम आहे.