हवामानबदलाचा ऑनलाइन कोर्स : सात महिन्यांनंतर, सोलापुरातून

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, तेव्हा माझ्या मावसभावाची मोहोळ तालुक्यातली चार एकर जमीन खरडून गेली. कांदा गेला, ऊस आडवा झाला. ज्वारीसाठी राखलेल्या रानातली काळी माती वाहून मुरूम उघडा पडला. दिवाळीत घरी आल्यावर दादाने विचारलं, "तू भूगोल शिकवतीस. एवढंच सांग, हे परत होणार का?" मी बावीस वर्षं नववी-दहावीला शिकवते. हरितगृह परिणामाची व्याख्या तोंडपाठ आहे. पण त्या दिवशी मला दादाला उत्तर देता आलं नाही.

नोव्हेंबरात एका परदेशी विद्यापीठाच्या हवामान विज्ञानाच्या मोफत कोर्सला आम्ही चौघांनी नावं नोंदवली. मी, दादा, कृषी खात्यातून निवृत्त झालेले शेजारचे काका आणि माझी एक जुनी विद्यार्थिनी. ती सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागवाल्या घरातली, आता इंजिनिअरिंगला आहे. दर रविवारी संध्याकाळी आमच्या गच्चीवर बसायचं असं ठरलं. बारा आठवड्यांचा कोर्स संपवायला आम्हाला मे उजाडला.

आधी यातलं सर्वांत मोलाचं सांगते. पृथ्वी सूर्याकडून जेवढी उष्णता शोषते तेवढीच बाहेर टाकते, या हिशेबाने तिचं तापमान उणे १८ अंश सेल्सिअस यायला हवं. प्रत्यक्षात जमिनीलगत सरासरी १५ आहे. हा ३३ अंशांचा फरक मी आजवर 'वायू उष्णता अडवतात' एवढ्या एका वाक्यात गुंडाळत आले होते. कोर्समध्ये त्याचा उलगडा होतो. पृथ्वीची उष्णता अवकाशात निसटते ती सरासरी पाचेक किलोमीटर उंचीवरून, आणि वर जाताना हवा किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंशांनी थंड होत जाते. पाच गुणिले साडेसहा केलं की ३३ च्या जवळ पोचतो. कार्बन डायऑक्साइड वाढला की ही निसटण्याची पातळी आणखी वर, आणखी थंड हवेत सरकते. थंड हवा कमी उष्णता सोडते, म्हणून हिशेब पुन्हा जुळेपर्यंत खालची जमीन तापत राहते. हे वहीत मांडलं त्या रात्री मला झोप आली नाही. इतकी वर्षं मुलांना हे असं सांगता आलं असतं.

दादाला हे आमच्याआधी समजलं. "आभाळ आलं की रात्रीची थंडी जाती आन् ज्वारी रुसती, त्यातलंच हे," तो म्हणाला. निरभ्र रात्री रान लवकर गार पडतं आणि ढगाळ रात्री पडत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

काकांची शंका वेगळी होती. सूर्यच जास्त तापत असेल तर? तसं असतं तर वातावरणाचा वरचा थर, म्हणजे स्थितांबरही तापलं असतं. मोजमापं सांगतात की खालची हवा तापतेय आणि स्थितांबर थंड होतंय. वायूंमुळे होणारी वाढ नेमकी अशीच दिसते. त्यानंतर काकांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

आकड्यांचं काम माझ्या त्या विद्यार्थिनीने उचललं. हवाईतल्या मौना लोआवर १९५८ पासून कार्बन डायऑक्साइड मोजतात. सुरुवातीला दहा लाख भागांत ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या पुढे गेलाय. उद्योगयुगाआधी तो २८० होता. शिकागो विद्यापीठाने वेबसाइटवर मॉडट्रान नावाचं एक साधन ठेवलंय, त्यात हे आकडे टाकून बाहेर जाणारी उष्णता किती घटते ते बघता येतं. २८० वरून ४२० पर्यंतच्या वाढीसाठी मी लॉगरिदमचं सूत्र वापरून हाताने हिशेब केला, तेव्हा ही घट चौरस मीटरला साधारण २.२ वॅट आली. मशीनने दिलेलं उत्तर आणि वहीतलं उत्तर जवळजवळ आलं, तेव्हा ती मुलगी टाळ्या वाजवायला लागली.

आता उणिवा. बोलण्याचा वेग फार आहे आणि सबटायटल्स फक्त इंग्रजीत. चौथ्या आठवड्यात दादाने सोडून दिलं होतं. मग मी आधी व्हिडिओ बघून मराठीत सांगायला लागले, तेव्हा तो परत आला. उदाहरणं सगळी बर्फाची आणि हिमनद्यांची. मान्सूनला अकरा मिनिटं! शंभर कोटींहून अधिक माणसांचं पोट ज्या पावसावर आहे त्याला अकरा मिनिटं देणं मला पटलं नाही, अजूनही पटत नाही. शिवाय मोफत नावनोंदणीत गुणांच्या चाचण्या बंद असतात आणि ठरावीक मुदतीनंतर व्हिडिओही. आम्हा दोघींच्या नावावर पुन्हा नोंदणी करावी लागली. नोट्स पहिल्या दिवसापासून वहीत काढा.

मान्सूनची उणीव आम्ही बाहेरून भरून काढली. पुण्याच्या आयआयटीएमने (भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था) ढगांच्या बीजारोपणाचा, म्हणजे विमानातून ढगांत कण सोडून पाऊस पाडण्याचा प्रयोग २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापुरातच केला होता, कारण आपण पर्जन्यछायेत आहोत. काकांना ती विमानं आठवत होती. त्याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यासही वाचला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या लाटा आहेत, असं त्यात आहे.

मग दादाच्या प्रश्नाचं काय? हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे पडेल तेव्हा जोरात पडण्याची शक्यता वाढते. पण एका पुराचं खापर थेट हवामानबदलावर फोडता येत नाही. त्यासाठी त्या घटनेचा स्वतंत्र अभ्यास लागतो, आणि मध्य भारताच्या सगळ्या पट्ट्याचा आकडा एका सीनेला लावणं चूक आहे, हे काकांनी बजावलं. मी दादाला तसंच सांगितलं : शक्यता वाढलीय, कोणत्या वर्षी ते सांगता येणार नाही. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग ओढ्याकडचा बांध आधी घ्यावा लागंल."

दहावीपर्यंतचं विज्ञान पक्कं असेल आणि सोबत दोन-तीन माणसं असतील तर हा कोर्स जरूर करा. एकट्याने, इंग्रजीची सवय नसताना करू नका, अर्ध्यात सुटेल.

बांधाचं काम मे महिन्यात झालं. दादाने रानात पर्जन्यमापक रोवलाय, रोज सकाळी आठला वाचून वहीत लिहितो आणि महसूल मंडळाच्या आकड्याशी ताडून बघतो. रोहिणीच्या पहिल्या सरीला मंडळात ४ मिलिमीटर होता, त्याच्याकडे ११. त्याने लगेच फोन करून विचारलं, एवढा फरक कसा? या रविवारी त्यावर बसायचंय.