सात अंड्यांचा एग बॉयलर: टोचणी उत्तम, खुणांवर विसंबू नका

खाली तापणारी प्लेट, वर भोकांची जाळी, झाकण आणि मापाचा कप. एग बॉयलरमध्ये याहून वेगळं काही नसतं. त्यातली सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे कपाच्या तळाची टोचणी, आणि नेमकी तीच अनेक घरांत न वापरता पडून राहते.

अंड्याचं कवच जेमतेम ०.३ ते ०.४ मिमी जाड असतं, जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं. १०० अंशांच्या वाफेने त्याचं काही बिघडत नाही. फ्रीजमधलं थंडगार अंडं एकदम तापलं की मात्र कवचावर ताण येतो, शिवाय बोथट टोकाशी असलेल्या पोकळीतली हवा फुगते. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं आहेत, तरी एवढी हवा त्यांतून झटपट निघत नाही. टोचणीचं भोक तिला वाट देतं, म्हणून टोचायचं ते बोथट टोकालाच. ताज्या अंड्यात पोकळी अगदी लहान असते. जोर दिला तर आतला पडदा फाटतो, पांढरं गळतं आणि प्लेटवर करपतं. आधीच चीर गेलेलं अंडं टोचून वाचत नाही. दोन अंडी हलकेच एकमेकांवर वाजवून पाहा, चिरलेल्याचा आवाज बद्द येतो.

प्लेटवरचं पाणी आटेपर्यंत अंडी वाफेवर शिजत राहतात. कपावर जास्त अंड्यांना कमी पाण्याची खूण असते, ती चूक नव्हे. वाफ गार अंड्यांवर पाणी होऊन परत प्लेटवर ठिबकते, त्यामुळे पाणी जास्त वेळ पुरतं. पण खुणा एकच आकार धरून केलेल्या असतात. लहान गावरान अंड्यांना तेवढं पाणी घातलं की ती जास्त शिजतात आणि बलकाभोवती हिरवट कडा येते. दर खेपेला चमचाभर (५ मिलि) पाणी कमी करत आपलं माप ठरवा. पाणी आटून यंत्र बंद झाल्यावरही कोंडलेल्या वाफेत अंडी शिजत राहतात, तेव्हा लगेच गार पाण्यात टाका.

सोलताना पांढरं टरफलाला चिकटून येत असेल तर अंडी फार ताजी आहेत. आठवडाभर जुनी घ्या. तोवर छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पडदा सहज सुटतो.

बोअरच्या पाण्याने प्लेटवर पांढरा थर धरतो. तोही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच, व्हिनेगरमध्ये विरघळतो, त्यामुळे घासू नका. प्लग काढून, प्लेट गार असताना दोन चमचे व्हिनेगर १० मिनिटं ठेवा आणि ओल्या फडक्याने पुसा. नळाखाली मात्र धरू नका.