कटिंग १२० रुपये, घासाघीस नाही (५ पैकी ४ स्टार)

सिंहगड रोडच्या आतल्या गल्लीतलं छोटं सलून आहे, तीन खुर्च्या, एक बसका झालेला सोफा आणि टीव्हीवर कायम मोठ्या आवाजात बातम्या. वर्षभर इथेच जातोय. एक स्टार का कापला ते खाली सांगतो.

आत गेलं की आरशाच्या वर लॅमिनेट केलेलं दरपत्रक दिसतं, नाभिक संघटनेचं, खाली शिक्का. कटिंग १२०, दाढी ७०, मग चंपी, कलर वगैरे, आणि शेवटी ठळक अक्षरात ‘कृपया भाव करू नये’. आता असलं पत्रक गावोगावी लटकलेलं असतं, त्यात नवल नाही. नवल शेजारी चिकटवलेल्या वहीच्या पानाचं आहे, मालकांनी पेनाने लिहिलंय: कारागीर ६० टक्के, दुकान ४०, ब्लेड-टॉवेल-क्रीम दुकानाचं. म्हणजे माझ्या १२० मधले ७२ ज्याने कात्री चालवली त्याचे. बाकी ठिकाणी फिफ्टी-फिफ्टी ऐकलंय. मी विचारलं, हे गिऱ्हाइकाला कशाला दाखवायचं? तर म्हणाले, “दर वाढला की लोक कारागिरावर चिडतात ना, वाटतं सगळे ह्याच्याच खिशात गेले.”

मागे एक काका हुज्जत घालत होते, पलीकडचा ८० मध्ये करतो म्हणून. कारागीर मान वर न करता म्हणाला, “काका, तो माझ्याच गावचा आहे, त्याला त्यातले चाळीस मिळतात, विचारून बघा.” काका गप बसले, १२० देऊन गेले.

ह्याआधी मी एका मोठ्या चकाचक एसी सलूनमध्ये जायचो, नाव नको. कटिंगला ४५० आणि वर जीएसटी. पोरगा केस कापता कापता डी-टॅन करून घ्या, हेअर स्पा करून घ्या म्हणून मागे लागायचा, मला राग यायचा, मग एकदा कळलं की पगार तुटपुंजा आणि टार्गेट झालं नाही तर इन्सेंटिव्ह शून्य. बरं २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, तर ह्यांनी मूळ रेटच वाढवला, बिल होतं तेवढंच. त्या पोराला त्यातलं काय मिळालं असेल देव जाणे.

वकील मित्र म्हणतो, संघटनेने मिळून दर ठरवणं २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ मध्ये अडकू शकतं. तीन खुर्च्यांचं कार्टेल ऐकून हसू आलं, पण कुणी कमी घेतले म्हणून त्याला दंड लावणं मलाही पटत नाही. मालक म्हणाले, आमच्याकडे दंडबिंड नाही, हे फक्त मार्गदर्शक. २०२० ला तीन महिने दुकान बंद होतं, २८ जूनला उघडलं तेही फक्त कटिंगला, दाढीला परवानगी नाही आणि डिस्पोजेबल एप्रनचा खर्च वेगळा. तेव्हा त्यांची ६० ची कटिंग १०० झाली ती परत उतरली नाही. उतरू पण नये. माझी आजी सांगायची, गावात न्हाव्याला सुगीला ज्वारी द्यायचे, वर्षभराच्या कामाची, आणि किती द्यायची ते देणारा ठरवायचा. त्यापेक्षा भिंतीवरचा आकडा कधीही बरा.

काम एक नंबर. दाढीला ब्लेड तुमच्यासमोर कागदातच मोडून अर्धं वस्तऱ्यात घालतात, कानामागे मशीन न फिरवता वस्तराच, शेवटी तुरटी. घाई नाही.

आता कापलेला स्टार. एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा झाडू मारतो, टॉवेल धुतो, चंपी पण तोच करतो आणि मस्त करतो. त्या पानावर त्याची ओळच नाही. “शिकतोय अजून,” मालक म्हणाले. पण मालक, चंपीचे पैसे तर तुम्ही पूर्ण घेता! गेल्या वेळी त्याच्या हातात ५० वेगळे दिले. पानावर त्याचे टक्के आले की पाचवा स्टार टाकतो.

सोमवारी बंद. रविवारी नऊच्या आत गेलात तरच लवकर नंबर लागतो.